सध्या कानात काय वाजतंय? नवी गाणी, जागेसकट सांगा

रानजाई:
इथे जुन्या गाण्यांचे धागे ढिगानं आहेत. नव्या गाण्यांचा एकही धड चालत नाही, कारण चौथ्या-पाचव्या प्रतिसादाला कुणीतरी "हल्लीच्या गाण्यांत राम नाही" म्हणतं आणि गाडी थेट बाबूजींपाशी जाऊन थांबते. बाबूजी मलाही प्रिय आहेत. या धाग्यावर त्यांना जरा विश्रांती देऊ या.

नियम दोनच. गाणं साधारण गेल्या चार-पाच वर्षांतलं हवं, भाषा आणि प्रकार कोणताही चालेल. आणि नुसती लिंक टाकून पळायचं नाही, त्यातली जागा सांगायची. कुठे कान टवकारले, कुठे मागे नेऊन परत ऐकलंत, ते.

माझ्याकडून पहिलं. 'चंद्रमुखी' (२०२२) म्हटलं की सगळे 'चंद्रा'वर नाचतात. त्याच चित्रपटात आर्या आंबेकरचं 'बाई गं' आहे. लग्नाच्या संगीतात वाजत नाही म्हणून मागे राहिलं बिचारं. बैठकीच्या अंगाची लावणी, कसलीही घाई नाही. मुखड्यावर परत येताना ती 'बाई गं' सोडते त्यात तक्रार आहे की कबुली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिटिल चॅम्प्समधली ती लहानगी हीच, यावर आमच्या घरी अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

खटपट्या:
पहिला नंबर! (रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी सविस्तर.)

खटपट्या:
हं, आलो. 'बहरला हा मधुमास', 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३). अजय-अतुल, शब्द गुरू ठाकूर. यावर रील न केलेला माणूस आमच्या सोसायटीत शोधून सापडणार नाही, सेक्रेटरींसकट. जागा: श्रेयाच्या आवाजाला अजय गोगावलेंचा आवाज येऊन भिडतो तिथे. डांबरी रस्त्यावरून गाडी एकदम खडीवर यावी तसं होतं, आणि मजा त्या खडीतच आहे. दोन्ही आवाज गुळगुळीत असते तर गाणं दोन महिन्यांत विसरलो असतो.

पेन्शनर:
रानजाई, नियम वाचले. बाबूजींचं नाव घेत नाही. पण 'गुलाबी साडी'ला गाणं म्हणायचं का, एवढंच विचारतो. नातू दिवसभर लावतो. मुखडा संपला की मुखडा. अंतरा कुठे गेला?

खानदेशी_शेव:
काका, गाणंच म्हणायचं. संजू राठोड आमच्या जळगावकडचा. लिहितो स्वतः, चाल स्वतःची, गातो स्वतः, सोबत जी-स्पार्कचं संगीत. पाठीशी चित्रपट नाही, नावाजलेला संगीतकार नाही, पुण्या-मुंबईचा स्टुडिओवाला काका-मामा नाही. २०२४ मध्ये ते गाणं मराठीचा गंध नसलेली पोरं नाचत होती. पुढच्या वर्षी 'शेकी' आलं, त्याचंही तेच. मराठी गाणं महाराष्ट्राबाहेर वाजत नाही म्हणून रडायचं आणि वाजलं की अंतरा शोधायचा!

सुरपेटी:
दोघांचंही बरोबर आहे. गाणं पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यात ऐकलं जाणार हे ठाऊक असल्यावर माणूस सगळा जीव त्या तुकड्यात ओततो. तीन मिनिटांच्या तबकडीवर खयाल बसवायला लागला तेव्हाही गवयांनी विस्तार कापून नेमक्या जागा ठेवल्याच होत्या. आपण त्यालाच आज अभिजात म्हणतो. तेव्हा तुकड्यावर माझा राग नाही. तुकड्यानंतर ऐकण्यासारखं काही उरतं का, इतकंच मी बघते. 'गुलाबी साडी'त मला फार उरत नाही, पण ठेका झकास आहे आणि 'साडी'वर येतानाचा लाडिक सूर बरोबर बसलाय, हे मान्य.

बेंजोमास्तर:
नमस्कार. वाचनमात्र होतो, पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा निघाला म्हणून लिहितो. आमची बेंजो पार्टी आहे, पेणच्या बाजूला.

शहरातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे बेंजो म्हटलं की गिटारचा भाऊ येतो. आमचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. वर ओळीनं बटणं, खाली तारा, आवाज अँपमधून. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातानं तारा छेडायच्या. बटण दाबलं की तो सूर लागतो, त्याच्या अलीकडचा पलीकडचा नाही. त्यामुळे गायकानं घेतलेली नजाकत आम्हाला मिळत नाही. शब्द नाहीत, हिरॉईन नाही, साडी नाही. उरते ती उघडी चाल. समोर पाचशे माणसं मिरवणुकीत उभी असतात आणि पहिल्या दोन ओळींत त्यांनी गाणं ओळखलं नाही तर पाय हलत नाहीत.

या परीक्षेत नव्यांपैकी 'बहरला' पहिल्या वर्षीच पास झालं. 'चंद्रा' पास, पण ढोलकीवाला तयारीचा हवा. 'गुलाबी साडी'चा मुखडा जोरात वाजतो, पण पेन्शनर काका म्हणतात ती अडचण आमची रोजची आहे. मुखडा झाला, पुढे काय वाजवू? मग आम्ही तिथून हळूच कोळीगीतात शिरतो. लोकांना पत्ता लागत नाही. काही गाणी मोबाइलवर फार मोठी वाटतात आणि बटणांवर घेतली की दोन सुरांत संपतात. नावं घेत नाही, त्यांच्या सुपाऱ्या आम्हालाच असतात.

रानजाई:
बेंजोमास्तर, दंडवत! या धाग्याचं सार्थक झालं. लिहिते राहा.

पेन्शनर:
+१. माझी शंका बेंजोवर पास झाली म्हणायची. आता दुसरी. हे ऑटोट्यून म्हणजे नक्की काय? नातू म्हणतो सगळेच वापरतात. मग शिकायचं कशाला?

जर्सीकर:
काका, थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये अँटारेस कंपनीनं ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर आणलं. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत ध्वनिलहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून तेलाचा अंदाज बांधायचा, त्यातलं गणित त्यानं आवाजाला लावलं. गायकाचा सूर किंचित खाली-वर असेल तर सॉफ्टवेअर त्याला जवळच्या ठरलेल्या सुरावर ओढतं. हळू ओढलं तर कळतही नाही. एकदम झटक्यानं ओढलं की तो यंत्रमानवासारखा आवाज येतो. शेर या अमेरिकन गायिकेच्या १९९८ च्या 'बिलीव्ह'पासून तो लोकांना मुद्दाम हवासा वाटू लागला.

सुरपेटी:
यात आपल्यासाठी गोम अशी की मींड म्हणजे दोन सुरांच्या मधला सगळा प्रवास. सॉफ्टवेअर झटक्यावर ठेवलं तर त्या प्रवासाच्या पायऱ्या होतात. म्हणजे मास्तरांच्या बेंजोची बटणं गळ्यात बसवल्यासारखं. पण मास्तर ती मर्यादा जाणून वाजवतात आणि काही गायकांना आपली मींड गेली हे कळतही नाही. नीट वापरणारेही आहेत. रॅपमध्ये, नाचाच्या गाण्यात तो एक रंग म्हणून छान लागतो. भावगीतात तेच केलं की माझ्या अंगावर काटा येतो, चांगला नव्हे.

माझं गाणं राहिलं. 'संगीत मानापमान' हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आला. खाडिलकरांचं मूळ नाटक १९११ चं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. तिथे नवी गाणी करायची म्हणजे गावजेवणात दुसऱ्याच्या हातची आमटी वाढण्याचं धाडस. शंकर-एहसान-लॉय यांनी ते केलं. 'वंदन हो' शंकर महादेवन, राहुल देशपांडे आणि महेश काळे एकत्र गातात. तिघांचे गळे डोळे मिटूनही ओळखू येतात. एकाचा आवाज भरीव आणि सरळ, दुसऱ्याच्या तानेत वसंतरावांची आक्रमकता उतरलेली, तिसऱ्याची स्वरावरची पकड अभिषेकीबुवांच्या तालमीतली. जागा एक सांगायची तर एक जण सोडतो तिथूनच दुसरा उचलतो ती. पडद्यावरची नट मंडळी विसरून नुसतं ऐका. चित्रपटातलं सगळंच मला रुचलं नाही, पण हे गाणं माझ्याकडे राहिलं.

ठाण्याची_मावशी:
आमच्याकडे घरात मतदान झालं तर कोरियन निवडून येईल. रोझे आणि ब्रूनो मार्सचं 'अपट' (२०२४). लेक आणि तिच्या मैत्रिणी जिना चढता-उतरता तेच म्हणतात. चौकशी केली तर कळलं की तो कोरियातल्या दारूच्या मैफलीतल्या एका खेळाचा पुकारा आहे. वा! आम्ही शुभं करोतिच्या वेळी तेच ऐकतो. आता दुसरं आलंय, राक्षस मारणाऱ्या कोरियन गायिकांच्या कार्टूनपटातलं 'गोल्डन'. त्यातला वरचा सूर गाठायला घरात स्पर्धा लागते, खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या की कोण पडलं.

मला स्वतःला लाउफेचं 'फ्रॉम द स्टार्ट' आवडतं. आई चिनी, वडील आइसलँडचे, मुलगी चेलो शिकलेली आणि गाते बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचं संथ लयीचं संगीत. स्वयंपाक करताना लावलं तर पोळ्या करपत नाहीत, एवढी बेताची लय.

तांबडा_पांढरा:
कोल्हापूरकर हजर. हनुमानकाइंड. नाव ऐकून हनुमान चालिसा शोधू नका, केरळचा रॅपर आहे, ह्यूस्टनमध्ये वाढला, इंग्रजीत बोलतो. 'बिग डॉग्ज' (२०२४) तुम्ही बघितलं असणार. पोन्नानीच्या मौत का कुआंमध्ये चित्रीकरण. आपल्या जत्रेत असतो तोच. फळ्यांच्या भिंतीवरून गाड्या गरगर फिरतायत आणि हा मध्ये उभा राहून रॅप म्हणतोय.

पण माझं आवडतं त्यानंतरचं, 'रन इट अप' (२०२५). केरळचा चेंडा हा ढोल आणि त्यावर रॅप. व्हिडिओत कलारीपयट्टू आहे, पंजाबचा गतका आहे, मणिपूरचा थांग-ता आहे, आणि आपला मर्दानी खेळ आहे! पट्टा फिरताना बघून ओरडलोच.

एकच हुरहूर राहिली. आमच्याकडे मर्दानी खेळ हलगी-घुमक्यावर चालतो. हलगीवाला आधी कागद नाहीतर पालापाचोळा पेटवून कातडं शेकून घेतो. बोटानं टिचकी मारून बघतो, मनासारखी वाजेपर्यंत परत शेकतो. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक कामटी. जाड काठीचा ठोका छातीत बसतो आणि कामटी त्याच्या मधल्या सगळ्या फटी भरते. पाऊस असला की बिचाऱ्याचा जाळ आणि वाजवणं आलटून-पालटून. तो आवाज नीट रेकॉर्ड करून त्यावर कुणी रॅप बसवावा, मी पैसे देऊन ऐकीन. चित्रपटात हलगी येते ती बहुतेक वेळा पाठीमागे, वीस वाद्यांच्या गर्दीत.

टपरीवरचा:
रॅप निघाला म्हणून. स्वदेशी या मुंबईच्या चमूचं 'द वारली रिव्होल्ट'. २०१९ चं आहे, नियमात बसत नाही, तरी ठेवा. आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गातात, आणि एमसी मवालीचा मराठी रॅप. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीत पाडली. गाणं आधी ऐकलं होतं त्यांना ती बातमी वेगळी लागली. जागा: भोईर गातात तिथे रॅप गप्प बसतो. भल्याभल्या फ्यूजनवाल्यांना गप्प बसणं जमत नाही. याच चमूतला एमसी तोडफोड २०२२ मध्ये गेला, चोविसाव्या वर्षी. गुजरातीत काय बोलायचा तो!

वारीतली_चप्पल:
अभंग रिपोस्ट हा बँड कुणीच कसा नाही घेतला? संतांचे अभंग, सोबत गिटार, बास, ड्रम्स आणि जोडीला तबला-पखवाज. 'देवा तुझा मी सोनार' ऐका. आमच्या दिंडीत यावरून दोन तट आहेत. जुने म्हणतात, अभंगाला ड्रम कशाला? तरुण म्हणतात, टाळ-मृदंग गजरात शिगेला पोचतो तेव्हा कानठळ्या बसतात त्या कुठल्या वाद्यानं? मी दुसऱ्या गटात, गुडघे पहिल्या गटात. माझी जागा: बास गिटार शब्दांच्या खालून चालते ती. नरहरी सोनारांचे शब्द त्यानं कुठेही झाकले जात नाहीत. शब्द ऐकू आले की माझं भांडण संपलं.

पेन्शनर:
हे ऐकलं. चांगलं आहे. नातवाला पाठवलं, तो म्हणाला "आजोबा, हे मला माहिती आहे." बरं.

जर्सीकर:
दोन देतो. पहिलं शक्ती या फ्यूजन बँडच्या 'धिस मोमेंट' (२०२३) मधलं 'श्रीनीज ड्रीम'. मॅकलॉफ्लिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, सेल्वगणेश, गणेश राजगोपालन. मँडोलिनवाला यू. श्रीनिवास २०१४ मध्ये अकाली गेला, त्याच्या आठवणीत केलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंना त्या एकाच दिवशी तीन मिळाली, बाकीची दोन बेला फ्लेक, एडगर मायर आणि राकेश चौरसियांबरोबरची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. अजून त्यांचा तबला ऐकताना तो माणूस हसतोय असंच वाटतं.

दुसरं बॅड बनीचं. हो, तोच. जानेवारी २०२५ च्या त्याच्या अल्बमच्या कव्हरवर केळीच्या झाडांपुढे दोन रिकाम्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. माझ्या आईनं फोनवर बघून विचारलं, हे आपल्या गुहागरला कधी गेले? पोर्तो रिकोचा मुलगा, जगभर रेगेटॉननं नाव कमावलं आणि मग घरी परतून साल्सा आणि प्लेना काढलं. प्लेना हे तिथलं लोकसंगीत, हातात धरायच्या घुंगरं नसलेल्या लहान-मोठ्या डफांवर चालतं. आपली दिमडी आठवते. 'बायले इनोल्विदाब्ले' या साल्सात तिथल्या संगीत शाळेतली तरुण मुलं वाजवतात. जागा: सुरुवातीला सिंथचा लांबलचक उदास तुकडा आहे, वाटतं झालं, असंच जाणार. मग एकदम अख्खा ताफा शिरतो. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लावलं, काकू लोकांनी यावर फुगड्या घातल्या.

तांबडा_पांढरा:
जर्सीकर, हेच म्हणतोय मी. त्यानं घरचा डफ पुढे आणला. हलगीला कधी?

खानदेशी_शेव:
तुमचा बॅड बनी व्हायला पोरगं कोल्हापुरातच जन्माला यावं लागेल, आम्ही आमचा दिलाय.

मांडवीकाठ:
गोव्याहून. कोकणी गाण्यांचा इथे पत्ताच नाही, नेहमीप्रमाणे. नवं ऐकायचं तर माझा सल्ला, रेकॉर्डवर जाऊ नका, तियात्राला, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाला जा. १८९२ मध्ये मुंबईत पहिलं तियात्र झालं, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडतो आणि गायक पुढे येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो. कथेशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. गेल्या आठवड्यात रस्ता खचला, कुणा मंत्र्यानं पक्ष बदलला, कुणाच्या डोंगरावर यंत्रं चढली, ते या आठवड्याच्या कांतारात. बाजूला ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम्स. शेवटच्या ओळीत नाव न घेता टोला बसतो, थिएटर उसळतं, लोक "वन्स मोर" ओरडतात आणि तो आधीच तयार ठेवलेलं आणखी एक कडवं काढतो. माझी जागा तीच, टोल्याच्या आधीचा क्षणभराचा थांबा. लिंक मागू नका, हे तिकीट काढून ऐकायचं.

सुरपेटी:
मांडवीकाठ, काय सुरेख लिहिलंत! पुढच्या खेपेला मडगावला नक्की.

रानजाई:
अजून कुणी गझलेकडे वळलं नाही, म्हणून मीच पुन्हा. अरूज आफताबचं 'मोहब्बत'. हफीज होशियारपुरींची गझल मेहदी हसन यांनी गायलेली, ती हिनं जवळजवळ निःशब्द करून टाकली. २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. मेहदी हसन ऐकलेल्यांना पहिल्यांदा मिळमिळीत वाटेल. गिटारच्या एकेका तारेला श्वास घ्यायला वेळ दिलाय, तेवढा तुम्हीही द्या.

बेंजोमास्तर:
सगळ्यांची यादी लिहून घेतली. अरूजबाईंचं बटणांवर होणार नाही, सॉरी. बायले काय ते नाव, त्याचा मुखडा वाजतोय, सकाळी बसवून बघितला. आमच्या पोरांनी विचारलं कुठलं कोळीगीत.

यंदाच्या गणपतीला नवं काय घ्यायचं ते सांगा. 'बहरला' आता सगळ्याच पार्ट्या वाजवतात.

खानदेशी_शेव:
मास्तर, 'हाई झुमका वाली पोर' घ्या. अहिराणी.

बेंजोमास्तर:
ते कधीचं वाजवतो. कुणाला अहिराणी कळत नाही, नाचतात मात्र सगळे. त्याच्या मागोमाग लगेच दुसरं द्यावं लागतं, नाहीतर वर्गणीवाले परत तेच मागतात. तेच विचारतोय, त्याच्यानंतर काय घेऊ?